हेल्मेट: डोक्याची ढाल आणि तिच्यात शिरलेला आवाज



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे आला. इंदूरहून आला, बडोद्याहून आला, बेळगावहून आला, बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलामुलींकडूनही आला. 'लांबच्या प्रवासाला गाडी काढतोय. हेल्मेट कुठलं घेऊ? आणि त्यात ते ब्लूटूथचं यंत्र बसवू का?'

आपली ही मालिका इतिहासाची आहे, गाड्यांची नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला, कारण या प्रश्नाचं उत्तर दुकानात थोडं आणि इतिहासात जास्त सापडतं. हेल्मेटचं कवच, त्याच्या आतला पांढरा थर, हनुवटीखालचा पट्टा, मागे चिकटवलेला मानकाचा शिक्का, यातली एकही गोष्ट सहज आलेली नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मागे कुणाचा तरी मृत्यू आहे. तो हिशेब कळला की हजार रुपयांचं घ्यावं की दहा हजारांचं, हा प्रश्न बराच सोपा होतो.

एक अपघात आणि एक डॉक्टर

सुरुवात इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यापासून करू. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे नाव आपण ऐकलेलं असतं. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने लढलेला हा माणूस नंतर मोटारसायकलचा नादी झाला. त्याची ब्रफ सुपीरियर ही त्या काळातली अतिशय वेगवान गाडी. १३ मे १९३५ रोजी घराजवळच्या रस्त्यावर सायकलवरची दोन मुलं अचानक समोर दिसली. त्यांना चुकवताना गाडी घसरली आणि लॉरेन्स डोक्यावर आपटला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे रोजी तो गेला. वय ४६.

त्याच्या उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स होते. जन्माने ऑस्ट्रेलियन, मेंदूच्या शस्त्रक्रियेत नावाजलेले. डोक्यावर संरक्षण असतं तर हा माणूस वाचला असता का, हा प्रश्न त्यांनी पुढे शास्त्रीय पद्धतीने तपासला.

हेल्मेट तेव्हा अगदीच अनोळखी नव्हतं. १९१४ च्या सुमारास ब्रुकलँड्स शर्यतीच्या मैदानावरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी कॅनव्हास आणि लाखेचं शिरस्त्राण करून घेतलं होतं आणि शर्यतीतल्या स्वारांना ते घालावं लागू लागलं. पण ते शर्यतीपुरतं. रस्त्यावरचा माणूस कापडी टोपी उलटी फिरवून गाडी हाकत होता.

निरोप्यांची डोकी

मग दुसरं महायुद्ध आलं. सैन्याला निरोप पोचवणारे हवे होते. टेलिफोनच्या तारा तुटतात, बिनतारी संदेश शत्रू ऐकू शकतो. म्हणून कागद खिशात घालून मोटारसायकलवरून धावणारे जवान, ज्यांना 'डिस्पॅच रायडर' म्हणत, त्यांचं महत्त्व वाढलं. त्यातले कितीतरी जण नवशिके. त्यात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने रात्री सगळीकडे अंधार, गाड्यांचे दिवे झाकलेले. शत्रूची गोळी लागायच्या आधीच ही मुलं इंग्लंडच्या रस्त्यांवर मरू लागली.

४ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केर्न्स यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे रस्त्यावर मेले होते, आणि सर्वांत मोठं कारण होतं डोक्याची इजा. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात मिळाले. सातही वाचले होते. सात ही संख्या फारच लहान, हे त्यांनाही कळत होतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कामावरच्या सगळ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुन्हा आकडे मांडले. सैन्यातले हे मृत्यू घटले होते.

केर्न्स यांच्याबरोबर ऑक्सफर्डला हॉलबोर्न नावाचे भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी जिलेटिनचे मेंदू बनवले, जेलीसारखे थुलथुलीत, आणि त्यांना धक्के देऊन पाहिलं. १९४३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: सरळ धक्क्यापेक्षा डोकं गरकन फिरण्याने मेंदूला होणारी इजा जास्त घातक असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

थर्माकोल डोकं कसं वाचवतं

तोवरच्या हेल्मेटांची कल्पना ढालीसारखी होती. बाहेर कडक कवच आणि आत डोक्यापासून ते दूर ठेवणारे पट्टे. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स लोम्बार्ड आणि हर्मन रॉथ वैमानिकांच्या हेल्मेटवर काम करत होते. त्यांनी वेगळा विचार केला: कवचाच्या आत चुरगळणारा थर घाला. चुरगळताना तो धक्का स्वतः खाईल. १९४७ मध्ये अर्ज केलेल्या या कल्पनेचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं. पुढे याच कामाला सर्वांत योग्य ठरला तो आपल्या ओळखीचा पदार्थ: थर्माकोल. गणपतीच्या मखराला वापरायचो त्याच जातीचा, फक्त जास्त घट्ट.

मी एक साधा हिशेब सांगते. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटर उंच असतं. गाडी उभी असताना नुसता तोल गेला तरी तेवढ्या उंचीवरून डोकं आपटू शकतं. आपटल्यावर डोक्यावर सरासरी किती ताण येतो? पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. पावणेदोन मीटर पडून डोकं डांबरावर अडीच मिलिमीटरमध्ये थांबलं, तर तो ताण गुरुत्वाकर्षणाच्या ७०० पट. मध्ये अडीच सेंटिमीटर चुरगळणारा थर्माकोल असेल, तर ७० पट. दहावा हिस्सा. हेल्मेटचं सगळं शास्त्र या अडीच सेंटिमीटरमध्ये आहे.

यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. एक, 'जवळच जायचंय, कोपऱ्यावर दूध आणायला' या म्हणण्याला अर्थ नाही, कारण डोक्याची उंची कोपऱ्यावरही तेवढीच असते. दोन, एकदा चुरगळलेला थर्माकोल परत फुगत नाही. मोठ्या धक्क्यानंतर हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसत असलं तरी आतून संपलेलं असतं.

१९५४ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीचं '५००' हे हेल्मेट बाजारात आलं. पण चांगलं हेल्मेट कुठलं आणि दिखाऊ कुठलं, हे ठरवणारं कुणी नव्हतं. १९५६ मध्ये पीट स्नेल हा शर्यतीचा चालक अपघातात गेला. त्याने हेल्मेट घातलं होतं, पण त्याने डोकं वाचलं नाही. त्याच्या मित्रांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने संस्था काढली आणि हेल्मेट उंचावरून आपटून तपासण्याचे निकष ठरवले. दुकानदाराचं बोलणं आणि प्रयोगशाळेचा पुरावा यांत फरक करायला जगाने इथे सुरुवात केली. आज हेल्मेटवर दिसणारे आयएसआय, ईसीई, डॉट हे सगळे शिक्के याच विचारातून आलेले आहेत.

'सक्ती' नावाचा शब्द

मराठी वर्तमानपत्रांत हेल्मेट हा शब्द एकटा फारसा येत नाही. तो 'हेल्मेटसक्ती' होऊन येतो. पुण्यात या सक्तीविरुद्ध वर्षानुवर्षं समित्या झाल्या, मोर्चे निघाले. जानेवारी २०१९ मध्ये पोलिसांनी कारवाई सुरू केली तेव्हा पुन्हा आंदोलन झालं. बाहेरच्या राज्यांतले मित्र यावर हसतात. पण हे भांडण पुण्याचं एकट्याचं नाही, जगभर झालेलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्ये जगातला पहिला असा कायदा केला. अमेरिकेत १९६६ मध्ये केंद्राने रस्त्यांच्या निधीशी हेल्मेटची अट जोडली आणि दहा वर्षांत जवळजवळ सगळ्या राज्यांत कायदे आले. १९७६ मध्ये ती अट काढली गेली. मग अनेक राज्यांनी कायदे मागे घेतले किंवा पातळ केले आणि तिथे मृत्यू वाढले. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये सक्ती आली. शीख समाजाने पगडीचा प्रश्न लावून धरल्यावर १९७६ मध्ये त्यांना वेगळ्या कायद्याने सूट मिळाली.

आपल्याकडे आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाला आव्हान देणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अजय कानू विरुद्ध भारत सरकार, निकाल १९८८ चा. हेल्मेटमुळे संचाराच्या स्वातंत्र्यावर गदा येते, हे म्हणणं न्यायालयाने मान्य केलं नाही. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्यात कलम १२९ आलं. पगडी घालणाऱ्या शिखांना त्यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागू झालं आणि दंड १००० रुपये ठरला. राजधानी दिल्लीत स्त्रियांना दीर्घकाळ सूट होती. ती २०१४ मध्ये गेली, शीख स्त्रियांचा अपवाद तेवढा राहिला. म्हणजे कितीतरी वर्षं आपला कायदा नवऱ्याचं डोकं वाचवत होता आणि डबलसीट बसलेल्या बायकोचं सोडून देत होता.

विरोध करणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. उन्हाळ्यात घाम येतो, ठेवायला जागा नसते, मान अवघडते, खड्डे बुजवायचे सोडून पावत्या फाडल्या जातात. या तक्रारी खऱ्या आहेत. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले. जगभरच्या अभ्यासांचा २००८ मधला एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेटने सगळे वाचतात असं नाही. पण पन्नास हजारांतले बरेच जण आज घरी असते.

हेल्मेटमध्ये आवाज आला कुठून

आता यंत्राकडे वळू. इथे इतिहास गमतीदार आहे. हेल्मेट रुजलं ते निरोप्यांमुळे, आणि निरोप्ये लागत होते कारण बिनतारी संदेश चोरून ऐकता येत होता. नेमक्या त्याच काळात त्या अडचणीवर एक तोड निघाली. ती काढणाऱ्यांपैकी एक होती हॉलिवूडची नटी.

हेडी लमार मूळची व्हिएन्नाची. तिचा पहिला नवरा शस्त्रांचा व्यापारी. पुढे अमेरिकेत तिने संगीतकार जॉर्ज अँथाइल याच्याबरोबर पाणतीर दूरवरून वळवण्याची एक पद्धत शोधली. संदेश एकाच लहरीवर पाठवला तर शत्रू ती लहर बिघडवू शकतो. म्हणून पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी ठरलेल्या क्रमाने एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारायच्या. पियानोला पट्ट्या ८८, म्हणून यांनी लहरीही ८८ धरल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये पेटंट मिळालं. नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही.

उड्या मारण्याचं हे तत्त्व पुढे वेगळ्या वाटांनी विकसित झालं. १९८५ मध्ये अमेरिकेने २.४ गिगाहर्ट्झसारखे काही पट्टे अशा तंत्रासाठी विनापरवाना खुले केले. १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन या डच अभियंत्याने मोबाइल आणि हेडसेट यांच्यामधली वायर काढून टाकायचं काम हाती घेतलं. त्यातून ब्लूटूथ आलं. १९९८ मध्ये पाच कंपन्या एकत्र आल्या आणि दहाव्या शतकातल्या हाराल्ड या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून त्याचं बारसं झालं. मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. भारताने हा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मोकळा केला, म्हणून आज आपण असं यंत्र सरकारी कागदाशिवाय वापरू शकतो.

त्याआधी स्वार आणि डबलसीट यांना बोलायचं तर वायर जोडावी लागे. २००० नंतरच्या दशकात इस्रायलची कार्डो, दक्षिण कोरियाची सेना अशा कंपन्यांनी हेल्मेटच्या बाजूला चिकटणारी यंत्रं आणली. सुरुवातीची यंत्रं साखळीसारखी जोडली जात. मधला एक मागे पडला की साखळी तुटे. २०१५ पासून जाळ्याची पद्धत आली, तिला 'मेश' म्हणतात. यात प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा आवाज पुढे पोचवतं आणि एकजण चहाला थांबला तरी बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं.

मात्र लहर ती लहरच. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. वरंध घाटात किंवा झोजिला चढताना मध्ये डोंगर आला की ते अंतर कोसळतं. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळतातच असंही नाही. म्हणून गटाने जाणार असाल तर सगळ्यांनी मिळून एकाच जातीचं यंत्र ठरवा.

याहून मोठा प्रश्न लक्षाचा आहे. १९९७ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत, अपघात झालेल्या आणि मोबाइल असणाऱ्या ६९९ मोटारचालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होत होता. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनने त्यात फायदा दिसला नाही. अभ्यास चारचाकीचा आहे, पण मेंदू तोच. हात मोकळे असले तरी मन ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेलं असतं. दुसरी गोष्ट आवाजाची. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. त्यावर मात करायला आपण गाणं मोठं करतो, आणि कानावर दुहेरी मारा होतो.

मग घ्यायचं काय

आता इतिहासाने दिलेली यादी सांगते.

पहिलं, शिक्का. १ जून २०२१ पासून भारतात आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं, आयात करणं बेकायदा आहे. मानकाचा क्रमांक आयएस ४१५१. खोटे स्टिकर पदपथावर भरपूर मिळतात, म्हणून चिन्हाजवळचा परवाना क्रमांक सरकारी 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. महाग परदेशी हेल्मेट घेतानाही हे चिन्ह बघा. त्यावर युरोपचा २२.०६ हा निकषही असेल तर उत्तम, कारण २०२१ पासून लागू झालेल्या या निकषात डोकं गरकन फिरण्याची चाचणी आहे. हॉलबोर्न यांनी १९४३ मध्ये जेली हलवून सांगितलेली गोष्ट नियमात यायला जवळपास ऐंशी वर्षं लागली.

दुसरं, माप. हेल्मेट नवं असताना गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवा, कपाळाची कातडी बरोबर हलली पाहिजे. मागून वर ढकलून पाहा, निघता कामा नये. फरीदाबादच्या स्टड्सचं असो, बेळगावच्या वेगाचं असो की परदेशातलं, डोक्याला न बसणारं महाग हेल्मेट बसणाऱ्या स्वस्त हेल्मेटपेक्षा वाईट. शक्यतो हनुवटी झाकणारं घ्या. आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोचतं.

तिसरं, यंत्र. ते बसवण्यासाठी आतला थर्माकोल कोरू नका, कवचाला भोक पाडू नका. त्या अडीच सेंटिमीटरचा हिशेब आठवा. कानाजवळ स्पीकरसाठी मूळचाच खळगा असलेलं हेल्मेट बघून घ्या. यंत्र बाहेरून चिकटवायचं किंवा क्लिपने लावायचं. नवा युरोपीय निकष कंपनीने दिलेलं यंत्र लावूनही चाचणी घेतो. तेव्हा हेल्मेट आणि यंत्र एकमेकांसाठी बनवलेली असतील तर अधिक बरं.

चौथं, वापर. यंत्राचा खरा उपयोग दोनच. रस्ता सांगणारा आवाज, म्हणजे मोबाइलकडे बघायला मान वळत नाही. आणि गटातल्या पुढच्याने मागच्याला दिलेला इशारा: 'पुढे वाळू आहे, हळू घे.' फोन आला तर गाडी बाजूला घेऊनच बोला. हातात फोन धरून चालवणं तर कायद्यानेच गुन्हा आहे, आणि कानातल्या यंत्राबद्दल तुमच्या शहरातल्या वाहतूक पोलिसांचा नियम काय आहे तेही विचारून घ्या.

पैसे मोजके असतील तर क्रम असा लावा: आधी स्वतःला बसणारं आयएसआय हेल्मेट, मग मागे बसणाऱ्यासाठी तितकंच चांगलं दुसरं, आणि त्यानंतर उरले तर यंत्र. अनेक घरांत मी उलटं पाहते. मुलाच्या हेल्मेटमध्ये सात-आठ हजारांचं यंत्र, आणि मागे आई पदर डोक्यावर घेऊन बसलेली. त्या १४,३३७ माणसांचा आकडा अशाच मागच्या सीटवरून येतो.

म्हणून या भागानंतर एक काम करा. घरात दुचाकी किती आणि त्यांवर बसणारी डोकी किती, मोजा. मग हेल्मेटं मोजा. दोन्ही आकडे जुळले की मला कळवा. पुढच्या भागात भेटू.